मराठी राजकीय थरारकथेत अर्जदार कुठे आहे?

13 जानेवारी 2010 च्या सकाळी तळेगाव दाभाडे येथे फिरायला बाहेर पडलेले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा धारदार शस्त्रांनी खून झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून चव्हाट्यावर आणले होते. धमक्या येत असल्याने पोलीस संरक्षणही मागितले होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, 2014 मध्ये तो बंद करण्याचा अहवाल आला आणि पुढे प्रकरण पुन्हा उघडले. राजकीय थरारकादंबरीला लागणारे सगळे इथे आहे. तरीही माहिती मागणाऱ्या अशा अर्जदाराला नायक करणारी ताकदीची मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

कारण आपल्या राजकीय कथेची नजर खुर्चीवरून हटत नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ने सत्तेची आतली उलाढाल मराठी वाचकाला प्रथमच इतक्या जवळून दाखवली. 1979 च्या ‘सिंहासन’ चित्रपटामुळे ती घरोघरी पोचली. पण तिथे साक्षीदार आहे तो पत्रकार दिगू टिपणीस, ज्याची मंत्र्यांच्या दालनात ऊठबस आहे. साधूंनंतर अनेकांनी ती दालने उचलली, साधूंची अस्वस्थता मात्र उचलली नाही.

दुसरी वाट विजय तेंडुलकरांनी ‘सामना’ चित्रपटात दाखवली होती. साखरसम्राटाच्या वाड्यात आलेला मास्तर एका बेपत्ता माणसाविषयी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि त्या प्रश्नाने अख्खे साम्राज्य हादरते. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांच्या बाजूने कचेरीकडे पाहते. रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ साक्षरता मोहीम कागदावर कशी यशस्वी होते ते उलगडते. दोन्ही अस्सल कादंबऱ्या, पण थरारकथेने त्यांच्याकडून काही घेतले नाही. ‘डोंबिवली फास्ट’ चित्रपटातला माधव आपटे सामान्य नागरिक खरा, पण तो हातात बॅट घेतो आणि तिथेच त्याचे नागरिकपण संपते.

खरा थरार कागदात आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, उत्तर नाही म्हणून प्रथम अपील, मग माहिती आयोगाची तारीख. दरम्यान सातबाऱ्यावर नवे नाव चढलेले. फेरफार पाहावा तर मुखत्यारपत्राच्या आधारे खरेदीखत झालेले आणि मुखत्यारपत्र देणारा त्याआधीच मयत. नोंद मंजूर कुणी केली? हा प्रश्न लिहून देताच अर्जदाराचे नाव आणि पत्ता समोरच्या टेबलावर जातात. याहून मोठे भय कुठल्या पाठलागात आहे?

हे लिहायचे तर लेखकाला तलाठ्याचे दप्तर वाचता यायला हवे, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दिवस काढायला हवेत. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार पकडून देण्याचा हट्टही सोडावा लागेल, कारण अशा कित्येक प्रकरणांत न्याय अजून बाकीच आहे. मुख्यमंत्री कोण होणार, हे कुतूहल आपण भरपूर पुरवले. आता प्रश्न विचारणारा माणूस जगणार का, ही काळजी मराठी वाचकाला पानोपानी वाटायला हवी. तेव्हाच आपली राजकीय थरारकथा नागरिकांची होईल.