भिंत कोणाची, मत कोणाचे?

निवडणुकीत भिंतींवर जे लिहिले जाते ते वाङ्मय नव्हे, हे मान्य. पण खेड्यातल्या ज्या माणसाच्या हाती पुस्तक कधी पडले नाही, त्याच्या दारापर्यंत पोचणारे तेच लेखन आहे. आणि आपल्या समीक्षेने त्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. पांढरपेशे लेखक भिंतींचा विषय काढतात तो गाव विद्रूप होते म्हणून. १९९५ साली राज्याने मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कायदाही केला. माझा आक्षेप सौंदर्याचा नाही. भिंत कोणाची आणि तिच्यावरून बोलतो कोण, एवढेच मला विचारायचे आहे.

अमेरिकेत मतदार आपल्या घरासमोरच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतो. डोनाल्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली अशा चार प्रयोगांचे निष्कर्ष छापले. पाट्यांमुळे मतांच्या वाट्यात सरासरी १.७ टक्क्यांच्या आसपास भर पडते, असा त्यांचा हिशेब. फरक लहान आहे. पण तिथे पाटी रोवणारा जमिनीचा मालक असतो, आणि पाटी रोवली म्हणून सहसा त्याची रोजी बुडत नाही.

आता हिंगणघाट, देवळी, आर्वीकडच्या कुठल्याही गावातली बौद्ध वस्ती पाहा. पॅनेलचा पेंटर चुन्याची बादली घेऊन दुपारी येतो. बाई कापूस वेचून संध्याकाळी परतते, तेव्हा तिच्या भिंतीवर छत्री उघडलेली असते. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हे नसतात. छत्री, कपबशी, शिट्टी अशी घरातलीच चिन्हे असतात. संमती? संमतीच्या कागदावर सही मागाहून घेता येते. ज्याच्या शेतात सोयाबीन सवंगायला जायचे, घरकुलाच्या यादीसाठी ज्याचा शब्द लागतो, त्याच्या पेंटरला नाही कोण म्हणणार? त्यातून घर अतिक्रमणाच्या जागेवर असले, नमुना आठला नाव चढलेले नसले, तर आपली भिंत म्हणण्याचाच अधिकार डळमळीत. मालकी सिद्ध नाही, पण संमती मात्र चालते!

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९४ आहे : कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते. गुप्त मतदान ही शहरी माणसाला प्रक्रियेची बाब वाटते. दुसऱ्याच्या बांधावर जगणाऱ्या मजुराला ती पोटाची बाब आहे. पेटीत झाकलेले मत भिंत उघडे करते. रंगवू दिली तर आपला, नाही दिली तर त्यांचा : मतदानाच्या आधीच मोजणी होऊन जाते.

हे वर्ध्यात अधिक बोचते त्याला कारण आहे. जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ : आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा. चारही खुले. वर्धा लोकसभाही खुली. राखीव खुर्ची काय ती ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेत. म्हणजे जिथे आपल्या वाट्याला काही येते, तिथेच मत देणारा मत घेणाऱ्याच्या रोजच्या नजरेत असतो.

चिन्हांचीही एक कथा आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत दर उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती होता. पुढे तो बहुजन समाज पक्षाकडे गेला. २०१९ च्या विधानसभेत वंचित बहुजन आघाडीच्या भिंतीवर गॅस सिलिंडर आला. ज्यांचे चिन्ह टिकते त्यांची मागच्या वेळची विटलेली भिंतही प्रचार करत राहते. आपल्याला दर वेळी पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

भिंतीवर आपण स्वतःही लिहिले आहे, हे विसरू नये. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात गेरूने, निळीने जे लिहिले गेले ते लिहिणाऱ्याच्या जिवावरचे होते. त्या अक्षरांची वेलांटी चुकलेली असे; पण वाक्य आपले असे. आजच्या भिंतीवर अक्षर देखणे आहे. उमेदवाराच्या नावाखाली ‘जय भीम’ही असतो, तो मात्र फक्त वस्तीतल्या भिंतींवर. तोच उमेदवार चौकातल्या वाड्याच्या भिंतीवर तो लिहीत नाही. दोन भिंतींमधला हा पाठभेद कोणी टिपला आहे? (पेंटर पुष्कळदा आपलाच पोरगा असतो. फ्लेक्स आल्यापासून त्याचेही काम गेले.)

वस्तीने सगळ्या भिंती कोऱ्या ठेवाव्यात, असे काही कार्यकर्ते सुचवतात. मला ते पटत नाही. कोरी भिंतही गावात वाचली जाते, आणि विरोधातली म्हणून वाचली जाते. मी काही घरे अशी पाहिली की दाराच्या एका अंगाला छत्री आणि दुसऱ्या अंगाला कपबशी. शहरातून आलेले प्राध्यापक अशा घराला विकाऊ म्हणून हसतात. मला त्यात शहाणपण दिसते. दोघांनाही भिंत दिली की मत पुन्हा झाकले जाते.