मौलिकांचा ग्रंथ आणि कासवभुंगेऱ्यांचे सोने

भारत, सिलोन व ब्रह्मदेश येथील हिस्पिनी आणि कॅसिडिनी भुंगेऱ्यांवरील एस्. मौलिक यांचा खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत १९१९ साली प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, त्यांनी पृथक् मानलेली ही दोन उपकुले आज एकाच कॅसिडिनी उपकुलात घातली जातात. तरी सह्याद्रीच्या वनांत कासवभुंगेरे गोळा करणाऱ्यास या ग्रंथावाचून गत्यंतर नाही. त्याची योग्यता निर्विवाद आहे. मात्र तो वनात उघडून पाहण्याचा ग्रंथ नव्हे, ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानी यावी तितकी येत नाही.

असा ग्रंथ रचला जातो तो टाचणीला टोचलेल्या, वाळलेल्या नमुन्यांवरून. आणि या भुंगेऱ्यांत मृत्यूनंतर प्रथम नाहीशी होते ती झळाळीच. रताळ्याच्या कुळातील वेलींवर आढळणारा अ‍ॅस्पिडिमॉर्फा सँक्टीक्रुसिस जिवंतपणी सोन्याच्या थेंबासारखा चमकतो. संग्रहपेटीत तोच मळकट तपकिरी होऊन बसतो. कारण हे सोने रंगद्रव्याचे नसून बाह्यत्वचेच्या ओलसर थरांवरून होणाऱ्या परावर्तनाचे आहे. पनामातील कॅरिडोटेला एग्रेजिया या जातीविषयी व्हिन्येरॉन व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली दाखवून दिले की, भुंगेरा डिवचला असता थरांतील द्रव ओसरतो, आरसा मावळतो आणि खालचा तांबडा रंग उघडा पडतो. म्हणजे अशा जातीत एकाच प्राण्याचे निवांत, क्षुब्ध व मृत असे तीन रंग संभवतात. केवळ छायाचित्रावरून निःशंकपणे नाव सांगणारे यांपैकी कोणता रंग प्रमाण मानतात?

याचा दोष मौलिकांकडे जात नाही. नखरांची कंगव्यासारखी दाती, शृंगिकांचे खंड, पंखांच्या पारदर्शक कडेवरील गडद डाग ही लक्षणे वाळल्यावरही टिकतात व त्यांवरच भिस्त ठेवणे इष्ट. ठिपक्यांचे तसे नाही. अ‍ॅस्पिडिमॉर्फा मिलिआरिस ठिपके मोजणाऱ्यास हमखास फसवितो.

खरी उणीव आपल्या नोंदींत आहे. जिवंतपणीचा रंग, अन्नवनस्पती, आणि दुभंगलेल्या शेपटीवर कात व विष्ठा छत्रीसारखी धरणारी अळी यांची टिपणे नमुन्यासोबत क्वचितच ठेवली जातात. एका संग्रहात प्रस्तुत लेखकास तपकिरी भुंगेऱ्याखाली ‘सोनेरी’ एवढाच शब्द आढळला. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, असे समजून कोणीतरी त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.