शिवछत्रपतींचीं दोन टपाल-तिकिटें : एक तिथि-विचार

गेल्या वर्षीं एका शाळेच्या स्मरणिकेंत शिवछत्रपतींचा जन्मदिन १७ एप्रिल व राज्याभिषेकदिन २ जून असा छापलेला आमच्या वाचनांत आला. स्मरणिकांतील मुद्रणदोषांची आम्हांस संवय आहे. चाळीस वर्षें शिक्षकाचा धंदा केलेल्या माणसास ती असावयाचीच. परंतु एकाच पानावर दोन दोष, आणि तेही इतक्या निश्चित स्वरूपाचे, हें कांहीं खिळे जुळविणाराचें काम दिसेना. म्हणून संपादकांस विचारलें. त्यांनीं हा मजकूर ज्यांजकडून घेतला ते गृहस्थ टपालाच्या तिकिटांचे जुने संग्राहक निघाले. त्यांनीं वही उघडून दोन तिकिटें आम्हांपुढें ठेविलीं. एक पंधरा नव्या पैशांचें, प्रसिद्धीची तारीख १७ एप्रिल १९६१; दुसरें पंचवीस पैशांचें, राज्याभिषेकाच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचें, तारीख २ जून १९७४. "हे सरकारी दिवस आहेत. मग तुमची १९ फेब्रुवारी आणि ६ जून कोठून आली?" असा त्यांचा उलट प्रश्न होता.

प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. जो मनुष्य ताम्रपटावरील तिथि जपून वाचतो, त्यानें तिकिटावरील तारीखही त्याच जपणुकीनें वाचावी, एवढीच आमची त्यावर टीका आहे. आम्हीं त्यांजसमोरच पंचांगें काढलीं. १७ एप्रिल १९६१ या दिवशीं शके १८८३ ची वैशाख शुद्ध द्वितीया होती. २ जून १९७४ या दिवशीं शके १८९६ ची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती. पहिली तिथि बखरींच्या परंपरेनें चालत आलेली शिवजन्माची, दुसरी राज्याभिषेकाची. म्हणजे टपालखात्यानें दोन्ही वेळां तिथि पाळली, आणि ती त्या त्या वर्षीं ज्या इंग्रजी तारखेस आली त्या तारखेस तिकीट काढलें. आमच्या मित्रांनीं वस्त्र ठेविलें आणि त्यांतील देह सोडून दिला. वैशाख शुद्ध द्वितीया १९६२ सालीं मे महिन्यांत गेली. १७ एप्रिल मात्र त्यांच्या वहींत कायम राहिली.

यावर एक आक्षेप संभवतो. तिथींचा हा मेळ काकतालीय कशावरून नव्हे? एकच तिकीट असतें तर आक्षेप आम्हीं मानला असता. परंतु दोन निरनिराळ्या प्रसंगीं, तेरा वर्षांच्या अंतरानें, दोन्ही तारखा नेमक्या रूढ तिथीस याव्यात हें काकतालीय म्हणणें धाडसाचें होईल. शिवाय खात्यास ही रीत नवी नव्हती. बुद्धजयंतीचीं तिकिटें २४ मे १९५६ रोजीं निघालीं, आणि तो दिवस वैशाखी पौर्णिमेचा होता.

मात्र यावरून सर्वच स्मारक-तिकिटें तिथीनें निघतात असा नियम बांधूं नये. लोकमान्य टिळकांचें तिकीट २३ जुलै १९५६ रोजीं, म्हणजे त्यांच्या जन्माच्या इंग्रजी तारखेस, बरोबर शंभर वर्षांनीं निघालें. रवींद्रनाथांचें ७ मे १९६१ चें. तेंही इंग्रजी तारखेनें, आणि तें महाराजांच्या तिकिटानंतर अवघ्या वीस दिवसांनीं! बंगाल्यांत त्यांचा जन्मदिन पंचविसाव्या वैशाखास करतात, तरीही. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांस तर १ ऑक्टोबर १९५२ रोजीं एकाच पंगतीस बसविलें. त्या तारखेचा त्यांच्या चरित्राशीं कांहीं संबंध नाहीं. सत्तावन्न सालच्या उठावणीस शंभर वर्षें झाल्याचीं तिकिटें, ज्यांपैकीं एकावर झांशीची राणी आहे, १५ ऑगस्ट १९५७ रोजीं निघालीं. उठावणीचा आरंभ मे महिन्यांतला. ऑगस्टाची योजना स्वातंत्र्यदिनासाठीं झाली हें उघड आहे. तेव्हां कोठें तिथि, कोठें तारीख, कोठें केवळ सोय, असा तीन प्रकारचा व्यवहार एकाच खात्याच्या एका दशकांत दिसतो. प्रत्येक तिकिटाचा विचार स्वतंत्रपणें करणें प्राप्त आहे.

आतां खरा वादाचा भाग. राज्याभिषेकाच्या तिथीविषयीं मोठा तंटा नाहीं. शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही ती तिथि. जेधे शकावलींत शुद्ध १२, शुक्रवार असा निर्देश आहे खरा. परंतु सिंहासनारोहण रात्र सरत आली असतां झालें, आणि आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे द्वादशी संपून त्रयोदशी लागलेली होती हें कळतें, व विरोध राहत नाहीं. तिची तारीख ६ जून १६७४ अशी जी आपण लिहितों, ती जुन्या, म्हणजे जूलियन, गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेनें तीच १६ जून होते. अशा रीतीनें एकाच घटनेस २ जून, ६ जून, १६ जून असे तीन दिवस चिकटले आहेत, आणि तिन्ही आपापल्या परीनें बरोबर आहेत; केवळ कोणता कोणत्या मापाचा हें सांगितलें पाहिजे.

जन्मतिथीची गोष्ट निराळी. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया ही उत्तरकालीन बखरींनीं रूढ केली. लोकमान्यांनीं जेधे शकावली १९१६ सालीं विद्वानांपुढें ठेविली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि मिळाली. कवींद्र परमानंदाचें शिवभारत १९२७ सालीं छापून निघालें. हा महाराजांच्या आश्रयाचा कवि, आणि त्याची तिथिही तीच. जोधपूरच्या संग्रहांत सांपडलेल्या कुंडलीनें त्यांत भर घातली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख, अर्थात् जूलियन, यांवरून येते, आणि महाराष्ट्र शासनानें पुढें तीच स्वीकारली. समकालीन व स्वतंत्र साधनें एकीकडे आणि शंभर-सव्वाशें वर्षांनंतरच्या बखरी दुसरीकडे, असा हा पक्षपात आहे. आमचें मत पहिल्या बाजूस आहे हें सांगावयास नको.

मग १९६१ सालीं खात्यानें बखरींचा पक्ष कां घेतला? शकावली प्रसिद्ध होऊन तेव्हां पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. आमच्या मतें खात्यानें पक्ष घेतलाच नाहीं. उत्सव द्वितीयेस करण्याची रीत होती. तिकीट उत्सवाबरोबर निघालें. यांत खात्यास दोष देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. उत्सवाचें तिकीट उत्सवाच्या दिवशीं निघावें हें योग्यच. दोष आहे तो पुढच्या व्यवहारांत. संग्राहकांच्या सूचींत केवळ इंग्रजी तारीख उतरते, तिथि गळते, आणि कांहीं वर्षांनीं तीच तारीख पुरावा म्हणून उभी राहते. बखरीचा लेखक चुकला तर त्याची बखर तपासतां येते. येथें तपासावयास उरतें काय? एक कागदाचा तुकडा आणि त्यावर राजसत्तेचा शिक्का.

चित्रांतील चुकीचें तसें नाहीं. १५ ऑगस्ट १९४९ रोजीं निघालेल्या शिल्प-स्थापत्याच्या मालिकेंत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ति उलट छापली गेली. डावा हात पुढें आला. दुसऱ्याच वर्षीं खात्यानें उजवा हात पुढें असलेलें नवें तिकीट काढलें, आणि आज संग्राहक हीं दोन्ही शेजारीं शेजारीं लावून भेद दाखवितात. या जोडीनें जी सावधगिरी शिकविली ती तारखांच्या बाबतींत कोणी घेतली नाहीं, कारण तारीख डोळ्यांस उलटी दिसत नाहीं. (दोन्ही शिव-तिकिटांवरील चित्रांच्या अस्सलपणाचा विचार येथें मुद्दाम केलेला नाहीं, तो चित्रांच्या परंपरेशीं निगडित असून त्यास निराळा लेख लागेल.)

आमची सूचना अगदीं लहान आहे. सूचींत प्रसिद्धीच्या तारखेपुढें त्या दिवसाचा शक, मास, पक्ष आणि तिथि लिहावी; पहिल्या दिवसाचा शिक्का असलेलें पाकीट असेल तर त्याच्या पाठीवरही. ज्या तिकिटाचा तिथीशीं संबंध नाहीं तेथें तिथि लिहिल्यानें बिघडत कांहीं नाहीं. संबंध असेल तेथें ती एक ओळ पुढच्या अभ्यासकाचे कित्येक दिवस वांचवील. काम दोन पंचांगांचें आणि एका संध्याकाळचें आहे.

आमच्या मित्रांनीं त्या दिवशीं प्रथम बरीच हुज्जत घातली. तिथि मान्य, पण वहींत शाईनें लिहिलेलें खोडावयाचें नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. शेवटीं १७ एप्रिलच्या खालीं शिसपेनीनें 'वै. शु. २, शके १८८३, बखरींप्रमाणें' असें त्यांनीं लिहिलें, आणि २ जूनच्या खालीं नुसतें 'ज्ये. शु. १३'. 'बखरींप्रमाणें' हे शब्द त्यांनीं आपण होऊन घातले.