पडद्यावरची हजेरी
‘अध्यापकांची उत्पादकता’ हा शब्द आता लातूरच्या स्टाफरूममध्येही रुळला आहे. डिजिटल साधनांना माझा विरोध नाही. आमच्या घरात पहिले पुस्तक माझ्याबरोबर आले. पीडीएफचे मोल मला कोणी सांगू नये. प्रश्न मोजमापाचा आहे. २०२०च्या हिवाळ्यात मी गूगल मीटवर शिकवले. अहवालात माझे तास पूर्ण भरले. एका विद्यार्थिनीच्या घरातला एकुलता मोबाईल मात्र आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला. गैरहजेरी लागली ती तिच्या नावावर. २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम सरकारी ‘स्वयम्’ मंचावरून करण्यास मुभा दिली. मुभा कोणाला? आपली प्राध्यापक मंडळीही हे विचारत नाहीत. त्या पोरीला मी नोट्सच्या झेरॉक्स पोचवल्या. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.