‘ऊर्जासंपन्न बंध’: एका संज्ञेची चिकित्सा

रसायनशास्त्राचा पदवी-विद्यार्थी चयापचयाच्या अभ्यासाकडे वळतो, तेव्हा त्याची पहिली अडचण पाठांतराची नसून भाषेची असते. बंध तोडण्यास ऊर्जा खर्चावी लागते, हे तो आधीच शिकलेला असतो. येथे मात्र एटीपीतील फॉस्फेट-बंध तुटून ऊर्जा मिळते, असे त्यास सांगण्यात येते. या विसंगतीचे मूळ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये रूढ केलेल्या ‘ऊर्जासंपन्न फॉस्फेट-बंध’ या संज्ञेत आहे. ऊर्जा जणू बंधातच साठविलेली आहे, असा भास या विशेषणाने होतो. वस्तुतः जलीय विच्छेदनात जुने बंध तुटतात, तसे नवे जुळतातही. निर्माण होणारी एडीपी व फॉस्फेट ही द्रव्ये अधिक स्थिर असल्यामुळे प्रमाण स्थितीत प्रतिमोल सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. हा गुण बंधाचा नव्हे, समग्र विक्रियेचा होय. याउलट ‘चयापचय’ हा द्वंद्व समास घडण व मोडण या दोन्ही क्रियांना यथार्थपणे एकत्र नांदवितो. लिपमन यांची संज्ञा सोयीची आहे; ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु तिचा उलगडा न करणारे अध्यापन विद्यार्थ्यास दोन परस्परविरोधी सत्ये दोन वह्यांत जपावयास शिकविते, आणि शास्त्राची हानी तेथेच होते.