वृक्षसंरक्षणाचा कायदा आणि नगररचना : एक चिकित्सा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, खर्डी व कसारा या स्थानकांच्या दरम्यान उंबरमाळी हे गाव आहे. गावाच्या नावातच उंबर आहे; परंतु वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या मूळ अनुसूचीत उंबर नाही. साग, खैर, मोह, आंबा, फणस अशा लाकडाच्या वा फळांच्या दृष्टीने मोलाच्या झाडांनाच तीत स्थान मिळाले. ग्रामीण भागास हा कायदा लागू. नागरी क्षेत्रांस झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा १९७५ चा अधिनियम. लोहमार्गाच्या आधाराने नागरी वस्ती कल्याणहून शहापूरकडे सरकत असता, हा दुसरा कायदा कितपत समर्थ आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

१९७५ च्या अधिनियमात दोन भिन्न कल्पना आढळतात. पहिली नियोजनाची : वृक्ष प्राधिकरणाने ठरावीक मुदतीने वृक्षगणना करावी, आणि कोणत्या प्रकारच्या जमिनीवर किती व कोणती झाडे असावीत याची मानके ठरवावीत. दुसरी परवानगीची : झाड तोडू इच्छिणाऱ्याने अर्ज करावा व प्राधिकरणाने चौकशी करून निर्णय द्यावा. व्यवहारात दुसरीने पहिलीस झाकून टाकले आहे; आमच्या मते मुख्य वैगुण्य हेच होय. अर्ज येतो तेव्हा भूखंड घेतलेला असतो, आराखडा तयार असतो, कर्जाचे व्याज चालू झालेले असते. अशा वेळी झाड केवळ अडथळा म्हणूनच समोर येते.

मुंबईतील आरे येथील मेट्रो कारशेडचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर तेथे दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये पुन्हा आरेलाच आणण्याचे. वाद झाडांच्या संख्येचा दिसला, तरी मूळ प्रश्न जागेच्या निवडीचा होता. तो आधी विचारपूर्वक न सुटल्याने झाडेही गेली आणि कालही गेला.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसावृक्ष मानले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. वयास मोल दिले, ही निःसंशय प्रगती होय. तथापि साठ रोपे म्हणजे साठ वर्षांची सावली नव्हे; शिवाय ती अन्यत्र लावली गेली, तर मूळ वस्तीस त्यांचा लाभ नाही.

यावर असा आक्षेप येईल की, झाडांपायी घरे महागतील. गरजूंच्या निवाऱ्याचा प्रश्न खराच आहे, आणि प्रत्येक झाड राखता येईल असे आमचेही म्हणणे नाही. परंतु खर्च वाढतो तो बव्हंशी अनिश्चिततेने व विलंबाने. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. वृक्षगणना आराखड्यापूर्वी झाली, तर ही जागा उरल्यासुरल्या कोपऱ्यात न ठेवता जुन्या झाडांभोवती आखता येईल. त्यात बांधकामाचे क्षेत्र घटत नाही, फक्त त्याची मांडणी बदलते.

तात्पर्य, गणना आधी, आखणी नंतर आणि परवानगी शेवटी, असा क्रम कायद्याने सक्तीचा करावयास हवा. उंबरमाळीसारख्या गावांत ही गणना नागरी क्षेत्राची अधिसूचना निघण्यापूर्वीच व्हावी, आणि तीत अनुसूचीबाहेरच्या उंबराचीही नोंद असावी.