केसपेपरचे वाचन

रोगनिदान हेही वाचनच असते. डॉक्टर रुग्णाचे शरीर वाचतो, बोलणे वाचतो आणि कळले ते केसपेपरवर लिहितो. तेव्हा साहित्यकृतीला आपण जो प्रश्न विचारतो तोच येथेही विचारला पाहिजे. हा वाचणारा कोणत्या वर्गातून, कोणत्या जातीतून आला आहे? त्याच्या लिहिण्यातून काय गळते?

मार्टिनिकचा काळा डॉक्टर फ्रांझ फॅनन याने १९५२ साली फ्रान्समधील उत्तर आफ्रिकी मजुरांविषयी लिहिले. मजूर ‘सगळं अंग दुखतं’ म्हणाला की डॉक्टरच्या मनात निकाल तयारच असे: हा ढोंगी, कामचुकार. निदान आधी, तपासणी नंतर.

हे उदाहरण दूरचे वाटेल. पण आपला नीरा कालव्याचा पट्टा पाहा. बारामती तालुक्यात माळेगाव, सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगर. हंगामात या कारखान्यांच्या फडांवर नवरा-बायको मुकादमाची उचल अंगावर घेऊन येतात. खाडा झाला की पैसे कापले जातात. अशी बाई ‘झोप नाही, जीव घाबरतो’ म्हणत दवाखान्यात आली, तर कागदावर लक्षणे उतरतात, गोळ्या उतरतात. उचल आणि खाडा उतरत नाहीत. त्यांना रकानाच नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

२०१९ साली शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. संमतीचा अंगठा घेतला म्हणजे निर्णय तिचा झाला काय?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ३ सांगते की, सामाजिक-आर्थिक दर्जावरून कोणाला मनोरुग्ण ठरवू नये. हे योग्यच आहे. परंतु दर्जावरून निदान करू नका, याचा अर्थ दर्जाकडे डोळेझाक करा असा नव्हे. पहिली चूक माणसाला ढोंगी ठरवते. दुसरी त्याचे दुःख त्याच्या एकट्याच्या डोक्यात कोंडते.

शेजारच्या फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये बायकांच्या अंगात येणे आणि महारवाड्यातले दारिद्र्य एकाच पटावर मांडले. हे वाचन अधिक पुरे आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे घडणाऱ्या डॉक्टरांनी ते शिकावे. रुग्णाला दाखल करायचे, पुण्याला पाठवायचे की गोळ्या द्यायच्या हे ठरवण्यापूर्वी विचारावे: अंगावर उचल किती? सोबत कोण राहील? पंधरवड्याने टोळी कुठे असेल? हे विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही.